आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: आधी ‘रास’ तपासा, मग इंजेक्शन द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका सरकारी रुग्णालयातून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) के-रास या जनुकाच्या तपासणीसाठी आला. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढून पाहण्याची चाचणी) लागलाच नाही, डीएनएचा पार भुगा झालेला. गाठ शुक्रवारी काढली, न चिरता बरणीत टाकली, आणि बरणी उघडली मंगळवारी. तोवर रुग्णाला सेटुक्सिमॅब हे कर्करोगाचे इंजेक्शन सुरूही झाले होते! ‘पुढच्या महिन्यात तपासणी इथेच सुरू करू’ हे त्या रुग्णालयाचे आश्वासन आम्ही दोन वर्षे ऐकतो आहोत.

साहेब, या औषधाचे काम नीट समजून घ्या. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर हा रिसेप्टर असतो. बाहेरून इशारा आला की तो आत रास या प्रथिनाला जागे करतो. मग एक प्रथिन दुसऱ्याला उठवते: रास राफला, राफ मेकला, मेक अर्कला, आणि पेशी विभागू लागते. सेटुक्सिमॅब फक्त बाहेरचा रिसेप्टर झाकते. के-रास हा रासचाच एक प्रकार; त्याच्या जनुकात १२ किंवा १३ व्या कोडॉनमध्ये (डीएनएच्या तीन अक्षरांच्या गटात) बदल झाला की रासचे बटण चालूच अडकते, मग वर काहीही झाका, खालची साखळी थांबत नाही. शंभरांतल्या सुमारे चाळीस गाठींत के-रास असे बिघडलेले असते. हे २००८ पासून ठाऊक आहे. कोडॉन ६१, ११७, १४६ आणि एन-रास हे जोडीचे जनुकही पाहायला हवे, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. तरीही न तपासता इंजेक्शन! अशा रुग्णाच्या वाट्याला येतात चेहऱ्यावरचे पुरळ, चिघळलेली नखे आणि उतरलेले मॅग्नेशियम. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधासोबत दिले तर आजार उलट लवकर वाढल्याचेही चाचण्यांत दिसले आहे.

बीराफ (राफचाच एक प्रकार) यात व्ही६००ई हा बदल असलेल्या गाठींची तऱ्हा आणखी वेगळी. बीराफ एकटे दाबले तर ईजीएफआर पुन्हा जोर धरतो, म्हणून दोन्ही एकदम अडवावे लागतात. न तपासता हे कळणार कसे?

आणि खरी गफलत प्रयोगशाळेच्या आधी, ओटीतच होते. गाठ टिकवायला हवे १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन (आम्ल न होणारे द्रावण), गाठीच्या किमान दहापट. साधे फॉर्मॅलिन आम्ल होते आणि डीएनए तोडते. आतडे लांबीने उघडून गाठीला काप द्यावेत, नाहीतर आतला भाग कुजतो. ६ ते ४८ तासांत पुढची प्रक्रिया सुरू व्हावी. बरणीवर गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहावी. ती आम्हाला क्वचितच दिसते. सेक्शनमध्ये (ब्लॉकच्या पातळ कापात) कर्करोगाच्या पेशी २० टक्क्यांहून कमी असतील तर कर्करोगाचा भाग खरवडून वेगळा घ्यावा, नाहीतर बिघाड असूनही अहवाल ‘नाही’ येतो.

एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ या डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांचे स्टेनिंग (रंगवून तपासणी) तर प्रत्येक गाठीवर व्हावे. त्यावरून इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती वापरणारा उपचार) कोणाला लागू पडेल ते कळते आणि लिंच सिंड्रोमचा, म्हणजे कर्करोगाच्या आनुवंशिक प्रवृत्तीचा, संशय येतो. तो पक्का ठरला तर भावंडांची, मुलांची कोलोनोस्कोपी विशीपंचविशीतच सुरू करता येते.

पण आपल्याकडे यंत्राचे उद्घाटन होते आणि रिएजंटची (तपासणीच्या रसायनांची) फाईल टेबलावर पडून राहते. औषधाची खरेदी एका खात्याकडे, तपासणी दुसऱ्याकडे, आणि रुग्ण कोणाच्याच हिशेबात नाही. ही व्यवस्था बदला. रास आणि बीराफचा अहवाल जोडल्याशिवाय ईजीएफआर अडवणारे इंजेक्शन मंजूर करू नये, असा लेखी आदेश काढा.

त्या ब्लॉकच्या रुग्णाची आता आजार पसरलेल्या यकृतातून सुईने नवी बायोप्सी करावी लागेल. अहवाल येईपर्यंत त्याचे इंजेक्शन थांबवायला सांगा. पुढचा डोस सोमवारी आहे.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट