वैमानिकाने फुंकायचे आधी, आमच्याकडे भिंत पडल्यावर

संपादक महोदय,

कालच्या अंकातला वैमानिकांच्या मद्यचाचणीवरचा लेख वाचला. उड्डाणाआधी बारा तास थेंब नाही, विमानात चढण्यापूर्वी यंत्रात फुंकायचे, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळही भरायची नाही, पहिल्यांदा सापडला तरी तीन महिने परवाना निलंबित. उत्तम. गोव्यातल्या दाबोळी आणि मोपा या विमानतळांवर उतरणाऱ्यांची काळजी मिटली. तिथून बाहेर पडून रस्त्याला लागल्यावर त्यांचे काय, ते मात्र लेखकमहाशयांनी सांगितले नाही.

मी सांगते. गेल्या चतुर्थीच्या आधीच्या रविवारी रात्री साडेदहाला एक मोटार आमच्या चिऱ्यांच्या कुंपणात घुसली. भिंत स्कूटरवर कोसळली. चालक उतरला तो डुलत. पर्यटक नव्हे, भाड्याची काळी नंबरप्लेटही नव्हे. शेजारच्याच गावचा, सगळ्यांच्या ओळखीचा. पोलीस आले, पण फुंकायचे यंत्र दुसऱ्या जीपमध्ये आणि ती जीप नाक्यावर. तोवर लोकांनी त्याला लिंबूपाणी पाजले, बसायला खुर्ची दिली. खुर्ची आमचीच! यंत्र पोचले साडेबारा वाजता. आकडा आला 24.

कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. म्हणजे साहेब निर्दोष, शिवाय वर मला म्हणाले, ‘‘बाय, एकच घेतलेली.’’ लिंबूपाण्याने, कॉफीने किंवा तोंडावर पाणी मारून दारू उतरत नाही, ती वेळेनेच उतरते. तासाला साधारण 15 मिलिग्रॅम. दोन तासांत किती उतरली आणि भिंत पाडताना किती होती, हे चौथीतले पोरही सांगेल. पंचनाम्यात मात्र 24 च लिहिले गेले. दहा हजारांचा दंड नाही, सहा महिन्यांची कैद तर दूरच. भिंत आम्ही पदरच्या पैशांनी बांधतो आहोत.

ऑगस्ट 2023 मध्ये बाणस्तारी पुलावर मोटारीच्या अपघातात तीन जीव गेले, चालक नशेत असल्याचा आरोप झाला, तेव्हा केवढी ओरड झाली होती. एवढे होऊनही रात्रपाळीच्या प्रत्येक जीपमध्ये एक यंत्र ठेवायला काय हरकत आहे, हे संबंधितांनी सांगावे. बारच्या पार्किंगमधून गाडी बाहेर पडतानाच का फुंकायला लावत नाहीत? डिसेंबरमध्ये फोटोसाठी नाकाबंदी होते आणि एप्रिल-मेमध्ये उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत कोणी फिरकत नाही. रात्री घरी जायला बस नाही, टॅक्सीचे भाडे ऐकूनच नशा उतरेल, हे मान्य. पण म्हणून आमची भिंत का?

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाखाली आपण ‘अनलिमिटेड’ बिअर महोत्सवाची पाव पान जाहिरात छापली आहे. ‘पार्किंगची उत्तम सोय’ असेही त्यात ठळक अक्षरांत आहे. माझे पत्र छापलेत, तर कृपया दुसऱ्या पानावर छापा.

— एक वाचक, फोंडा तालुका