बादली ठेवाच, पण पाणी येतं कुठून ते आधी बघा

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला शिडाच्या छोट्या होडीवरचा लेख वाचला, बाकी छान होता पण 'कॉकपिटमध्ये (होडीत बसायच्या खोलगट जागेत) पाणी येणारच, बादली जवळ ठेवा' एवढ्यावर विषय गुंडाळलात ते काही पटलं नाही. बादली ठेवाच, आणि दोरीने बांधून ठेवा, माझी पहिली लाटेबरोबर गेली. पण उपसायच्या आधी पाणी येतं कुठून हे बघायला नको का?

मी एक अख्खा सीझन लाटांना शिव्या घालत होतो. मग एकदा कॉकपिट कोरडं पुसून तळाला जुने पेपर अंथरले (तुमचेच, राग मानू नका) आणि थोड्या उसळत्या पाण्यात चक्कर मारून आलो तर कडेचे पेपर नुसते दमट आणि मधले, सेंटरबोर्डच्या (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडतात ती फळी) पेटीभोवतीचे पार लगदा! होडी आपटली की त्या पेटीतून पाणी कारंज्यासारखं वर येत होतं आणि मी आपला पुढून उडणाऱ्या फवाऱ्याकडे बघत बसलेलो. खालच्या फटीला दोन्ही बाजूंनी रबरी पट्ट्या लावल्या, पेटीच्या तोंडावर झाकण बसवलं, निम्मं काम तिथंच झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे फवारा, तो वाऱ्याकडच्या बाजूने पुढून येतो, आणि त्याला स्प्रे हूड (पुढचं कापडी छप्पर) लावला की झालं असं लोकांना वाटतं. हूड चांगलाच, पण बसायची जागा चुकली तर त्याचा काय उपयोग. पुढच्या टोकात नांगर, साखळी, सामान कोंबलेलं असलं की ते टोक लाटेवर चढायच्या ऐवजी लाटेत घुसतं. ते सगळं उचलून मध्ये आणा, माणसं पण मध्येच, एकमेकांना चिकटून बसा, फार तर थोडं मागे सरका. तुमच्या चित्रात दोघं अगदी मागच्या टोकाला बसलेत, तसं बसलं तर मागची कड खाली जाते आणि मागून येणारी लाट सरळ आत. तेवढं चित्र दुरुस्त करा हो.

आणि वारा येतो त्या दिशेला फार घुसायचा हट्ट सोडा. आखूड लाटांत तसं केलं की होडी प्रत्येक लाटेला थबकते नि आपटते, वाऱ्यापासून ५-१० अंश लांब तोंड वळवून घेतलं तर वेग राहतो. मोठी लाट आलीच तर चढताना किंचित वाऱ्याकडे, माथ्यावर पोचलं की वाऱ्यापासून लांब वळायचं, म्हणजे धपकन पडत नाही. होडी फार कलत असेल तर रीफ करून टाका (शीड थोडं गुंडाळून लहान करा), खालची कड पाण्यात बुडाली की बादलीने काय होणार.

थोडंसं पाणी आहे, राहू दे असं म्हणणाऱ्यांना एक हिशोब सांगतो. कॉकपिटचा तळ दीड मीटर बाय एक मीटर धरला तर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ७५ लिटर, समुद्राचं असेल तर जवळपास ७७ किलो. एक धडधाकट माणूसच की! आणि हा माणूस असा की होडी जिकडे कलेल नेमका तिकडेच धावत जातो.

लेखात बेलरचं नाव पण नाही म्हणून सांगतो, तळाला बसवायचा तो छोटा बेलर होडी चांगली पळत असली तरच पाणी बाहेर ओढतो, साधारण ४ नॉटच्या (ताशी सुमारे साडेसात किलोमीटर) पुढे. होडी थांबली आणि तो उघडा राहिला तर तिथूनच पाणी आत येतं. किनाऱ्याला लागायच्या आधी पण आठवणीने बंद करायचा, नाहीतर खाली घासून वाकतो. माझा वाकलाय, थेंब थेंब गळतो, सध्या त्यावर स्पंज दाबून ठेवलाय.

आपला,
एक जुना वाचक