नानांच्या डॉक्टरांना, त्यांच्या थोरल्या लेकीकडून

माननीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. साठी ओलांडलेले वडील किंवा सासरे ज्या घरात आहेत, तिथल्या लेकी-सुनांच्या ते नजरेस पडावं, एवढीच इच्छा.

नानांची उभी हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. लांबच्या रूटला पाणी कमी प्यायचं आणि पुढचा डेपो येईपर्यंत लघवी धरून ठेवायची, हे अंगवळणी पडलेलं. निवृत्तीनंतर धार बारीक झाली, रात्री चार-पाचदा उठणं सुरू झालं, तरी त्यांनी कुणाजवळ शब्द काढला नाही. आधी लग्नकार्यांना जाणं सुटलं, मग आषाढीचं पंढरपूर सुटलं. विचारलं की गुडघ्यांचं कारण पुढे करायचे. एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे 'वय झालं, चालायचंच' म्हणून बोळवण झाली. मग सर्दीचं निमित्त झालं. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घेतल्या आणि त्याच रात्री लघवी साफ तुंबली. ओटीपोट टम्म फुगलेलं, नाना घामाघूम, ना बसता येतंय ना झोपता. गावाजवळच्या दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठे जीवात जीव आला. दुसऱ्या दिवशी तिथेच रक्त तपासलं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी, 11 च्या वर. 4 च्या पुढे गेलं की कॅन्सर, असं कुणीतरी सांगितलं आणि आईने अन्नपाणी टाकलं.

त्या अवस्थेत आम्ही मिरजेला तुमच्याकडे आलो. मांडीला बांधलेली लघवीची पिशवी धोतराखाली झाकत नाना खुर्चीत बसले. मी फाईल पुढे केली आणि सांगायला सुरुवात केली. तुम्ही फाईल घेतलीत, पण बोललात नानांशी. "नाना, कुठल्या रूटला होता?" एवढंच विचारलंत. तोवर सगळ्या दवाखान्यांत आम्हीच बोलायचो आणि ते मान खाली घालून बसायचे. तुमच्यापुढे ते घाटातल्या गाडीबद्दल बोलायला लागले, आणि बोलता बोलता लघवीबद्दलही बोलले. लेकीसमोर. मला ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

मग तुम्ही तो सात प्रश्नांचा कागद काढलात. लघवी झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते का, थांबून थांबून होते का, आवरत नाही असं होतं का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. तुंबायच्या आधीचा महिना आठवून सांगा म्हणालात. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 35. वीस किंवा त्याहून जास्त म्हणजे त्रास तीव्र, आणि नानांचे 24 भरले. त्या कागदावर शेवटी आणखी एक प्रश्न होता, जो या बेरजेत धरत नाहीत: हा त्रास जन्मभर असाच राहिला तर कसं वाटेल? नाना बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पंढरपूर राहिलंय." तुम्ही घाई केली नाहीत. बाहेर ओपीडी तुडुंब भरली होती, तरीही.

गुदद्वारातून बोटाने तपासायचं होतं तेव्हा कशासाठी, किती वेळ, काय जाणवेल हे त्यांना आधी सांगितलंत आणि मला बाहेर थांबायला सांगितलंत. परत आत बोलावलंत तेही त्यांना विचारून. प्रिस्क्रिप्शनच्या मागे मूत्राशयाचं चित्र काढलंत, त्याच्या तोंडाशी लघवीच्या मार्गाला वेढून बसलेली प्रोस्टेटची ग्रंथी, तरुणपणी अक्रोडाएवढी. उतारवयात बहुतेक पुरुषांची ती वाढते आणि ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आम्हाला तिथे कळलं. नानांना तुम्ही त्यांच्याच भाषेत सांगितलंत, फिल्टर चोक झाला की पंपावर लोड येतो तसं मूत्राशयाचं झालंय; जोर लावून लावून त्याची भिंत जाड झालीय. सर्दीच्या काही औषधांनी तोंडाशी असलेले स्नायू आणखी आवळतात, म्हणून त्या रात्री सगळंच बंद झालं. नानांनी मान डोलावली. गाडी त्यांना कळते.

पीएसएबद्दल तुम्ही जे बोललात त्यासाठी तर मी जन्मभर ऋणी आहे. लघवी तुंबली, नळी घातली, जंतुसंसर्ग झाला, की हा आकडा वाढतो. अशा वेळी तपासून निष्कर्ष काढायचा नसतो. ग्रंथी हाताला मऊ लागतेय, गाठ नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. पुन्हा तपासलं तेव्हा आकडा 4 च्या आत होता. मधल्या काळात आई जेवली ती तुमच्या त्या शब्दावर.

नळी काढल्यावर तुम्ही लघवीची नोंद ठेवायला लावलीत. आकडे असलेला प्लॅस्टिकचा मग, वही, वेळ आणि मिली. नानांनी ती लॉगशीटसारखी भरली, एक ओळ चुकवली नाही. दिवसरात्रीच्या एकूण लघवीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रात्रीच होत असेल तर दोष एकट्या प्रोस्टेटचा नसतो, पायांची सूज, साखर, बीपीच्या गोळ्यांची वेळ हेही बघावं लागतं, असं तुम्ही ती वही चाळताना म्हणालात. प्रोस्टेटची गोळी लिहून देतानाही तसंच. रात्री झोपताना घ्या, उठताना आधी कडेला बसा, चक्कर येऊ शकते. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर ही गोळी चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. नानांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे तुम्ही त्यांच्या फाईलमधून शोधलं होतंत. इतकं कोण बघतं?

गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण धार मोजायच्या मशीनमध्ये ती सेकंदाला 6 मिलीच्या वर जाईना आणि सोनोग्राफीत दरवेळी बरीच लघवी मागे राहिलेली दिसायची. तेव्हा दुर्बिणीतून ऑपरेशनचा विषय निघाला. त्याचे परिणाम सांगायला तुम्ही फक्त नाना आणि आईला आत घेतलंत. पुढे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकतं, हे त्या दोघांना सांगितलंत. आईने ते मला नंतर सांगितलं, आणि म्हणाली, "म्हातारी माणसं म्हणून सोडून दिलं नाही बघ त्यांनी." हे वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचवायचं होतं.

ऑपरेशनच्या रात्री पिशवीत लाल पाणी येत होतं. ते येणार, सलाईनने आतून धुणं चालू राहणार, गुठळी अडकली तर सिरिंजने काढतात, हे तुम्ही आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून मी घाबरले नाही. गुठळी अडकलीच. वॉर्डातल्या ब्रदरने शांतपणे नळी धुतली, पाणी गुलाबी होत होत फिकं होईपर्यंत तिथेच उभा राहिला. त्याचेही आभार. त्यानेच मला शिकवलं की पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली टांगायची, जमिनीला टेकू द्यायची नाही, आणि नळीला ताण पडू द्यायचा नाही.

काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट चांगला आला. आम्ही पेढे घेऊन आलो तर तुम्ही पेढा घेतलात आणि सांगितलंत की ग्रंथीचा बाहेरचा भाग आत आहेच, वर्षातून एकदा पीएसए चुकवायचं नाही. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप किंवा पुन्हा लघवी अडकणं, यातलं काही झालं तर रात्र असली तरी निघायचं. ते मी कागदावर लिहून फ्रीजवर लावलंय.

यंदा नाना पंढरपूरला जाऊन आले. एसटीनेच, खिडकीशी बसून. आता डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांची सकाळी कट्ट्यावर बैठक भरते तिथे ते तुमच्या त्या सात प्रश्नांवर मोकळेपणी बोलतात. त्यातले दोघे येत्या सोमवारी तुमच्याकडे येणार आहेत. एक बोलके आहेत, त्यांची काळजी नाही. दुसरे लाजाळू आहेत, कोकणच्या रूटला होते. त्यांना आधी घाटाबद्दल विचारा.

आपली नम्र,
नानांची थोरली लेक