गाता येतं, पण शिकवायचं कसं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं, आता रिटायर झालेय. संगीत विशारदची परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये पास झाले आणि पुढच्याच जूनमध्ये नववीच्या वर्गात पेटी घेऊन उभी, समोर पंचावन्न मुलं. माझी पट्टी, म्हणजे माझा 'सा', काळी चार, पेटीची चौथी काळी, पोरांना उंचच; तिथूनच प्रार्थना धरली तर मागच्या बाकांवरची पोरं एकदम गप्प. मला वाटलं मस्ती चाललीय, ओरडले. अहो, त्यांचे आवाज फुटत होते, वरचे सूर लागतच नव्हते, आणि हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली! यमन रागाचा बडा ख्याल येत होता, पण अशा मुलाला कुठल्या पट्टीत गायला लावायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून हंगेरीबद्दल लिहावंसं वाटतं. तिथे झोल्तान कोदाय हा एवढा मोठा संगीतकार, बेला बार्टोक या दुसऱ्या संगीतकाराबरोबर खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा करणारा, पण पुढे तो शाळेतल्या गाण्याच्या मागेच लागला. गावातल्या शाळेचा गाण्याचा मास्तर चांगला असणं हे ऑपेराच्या डायरेक्टरपेक्षा महत्त्वाचं, असं तो म्हणायचा. 1950 मध्ये केचकेमेत या गावी रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली, 1975 मध्ये त्याच गावात त्याच्या नावाची इन्स्टिट्यूट निघाली. बुडापेस्टच्या संगीत अकादमीत तर शाळेत गाणं शिकवणं आणि समूहगान बसवणं हे एकाच कोर्सात शिकवायचे. सूर दाखवायच्या हाताच्या खुणा त्यांनी इंग्लंडकडून उचलल्या, आणि त्यांचा 'डो', म्हणजे पहिला सूर, आपल्या 'सा'सारखाच कुठल्याही पट्टीवर बसतो, म्हणजे आपल्याला हे काही परकं नाही.

आणि आपल्याकडे सुरुवात तर त्यांच्या कितीतरी आधी झालेली! विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथे गवयांबरोबर उपदेशकही घडवले, म्हणजे गावोगावी जाऊन शिकवणारे शिक्षक. सरकार परकं, पैसा जलशांचा आणि देणग्यांचा, शेवटी कर्जापायी महाविद्यालयाची मुंबईतली इमारतसुद्धा गेली. 1931 मध्ये पंडितजी गेले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा घरोघरी पोचल्या. त्या परीक्षांचे उपकार मी कधीच विसरणार नाही, पण मी दिल्या त्या सगळ्यांत मी किती गाते तेच बघितलं, मी शिकवते कशी ते एकदाही नाही. तिकडे शिक्षक घडवणं शाळेशी जोडलं गेलं, आपल्याकडे ते परीक्षेला चिकटलं, आणि उपदेशक मधल्यामध्ये हरवले.

आजही माझ्या ओळखीतल्या नव्या मुली तशाच पेटी घेऊन वर्गात उभ्या राहतात. माझी शिक्षण खात्याला आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांना कळकळीची विनंती आहे की शाळेत नेमायच्या आधी निदान वीस तास खऱ्या वर्गावर, अनुभवी शिक्षकाला मागे बसवून शिकवायला लावा, आणि त्यातला एक तरी तास नववीच्या मुलांचा असू द्या.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, सांगली