ओव्हनचं दार आणि चार बाफले

कोलंबस, ओहायो
गुरुवार, रात्री उशिरा

ती. बाबांस व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आधी एवढं वाचा: मी ठणठणीत आहे. घर जागेवर आहे. हात भाजलेला नाही, केस जळलेले नाहीत, बंबही आला नव्हता. आला असता तर सांगितलं असतं. बहुतेक.

रविवारी फोन मध्येच का तुटला ते मी नंतर दोनदा सांगितलं. पण बाबांना स्पीकरवर धड ऐकू येत नाही, आणि आईने मधल्या तीन तासांत पुण्याच्या आत्यापासून देवासच्या मावशीपर्यंत सगळ्यांना ‘पोरीच्या घरात आग लागलीय’ असं कळवून टाकलं होतं. आत्याने खजरान्याच्या गणपतीला नारळ बोलायला लावला म्हणे. तो फोडून या आता, बोललेला आहे तर. म्हटलं, सगळं लिहूनच काढावं. दादाला म्हणावं, मोठ्या अक्षरात प्रिंट काढ आणि एक आत्याला पाठव.

तर हे नीट समजून घ्या, मलाही समजायला वेळ लागला होता. इथे बरेच लोक ओव्हन घासत नाहीत. ओव्हनला एक बटण असतं, ते दाबलं की तो आपला आपणच साफ होतो. पाणी नाही, साबण नाही, घासणी नाही. नुसता तापतो. आपण केक १८० अंशांना भाजतो, मी बाफले, आपले ते कणकेचे गोळे, २०० ला भाजते. हा साफसफाईच्या वेळी जवळजवळ ४८० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. आत सांडलेलं तूप, साखर, चीज, जे असेल त्याची राख होते. तीन-चार तासांनी ओव्हन गार झाला की ती ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. म्हणजे भांडं खरकटं झालं म्हणून होळीत टाकायचं आणि वर म्हणायचं, बघा कसं लख्ख निघालं! आपण इंदूरकर, २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारे लोक, ओला कचरा-सुका कचरा मी झोपेतही वेगळा करेन, पण घाण जाळून घर स्वच्छ करायची ही रीत मला अजून पटलेली नाही. घरात पोपट वगैरे असेल तर त्याला आधी दुसरीकडे हलवा, धूर पाखरांना सोसत नाही, असंही माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. तरी लोक करतात, आणि नेमकं सणाच्या तोंडावर करतात. पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे, त्या दिवशी अख्खी टर्की भाजायची असते, म्हणून आत्ताच ओव्हन चकाचक करायचा. मग तो बिघडला की दुरुस्तीवाल्याच्या नावाने हाका मारायच्या.

एवढ्या आचेवर कुणी चुकून दार उघडू नये म्हणून एक छोटी मोटर आकडा फिरवून दार कुलूपबंद करते. आतलं तापमान उतरेपर्यंत ते उघडत नाही, कितीही ओढा. आई, तू म्हणालीस ‘असलं कसलं मेलं यंत्र, माणसाला कोंडतं’. माणसाला नाही गं. मी बाहेरच होते.

कोंडले गेले ते बाफले. शनिवारी रात्री केले होते, आधी उकडून मग भाजून, तुझ्याच पद्धतीने. चार उरले ते ओव्हनमध्येच ठेवले आणि विसरले. रविवारी सकाळी तुमच्याशी बोलता बोलता बटण दाबलं. तुपाने थबथबलेले बाफले ४८० अंशांना निघाले म्हटल्यावर काय होणार? धूर झाला, छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला, मी फोन सोफ्यावर टाकला आणि खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत बसले. तुम्हाला ऐकू आलं ते एवढंच. साफसफाई लगेच रद्द केली, खिडक्या उघडल्या. दार उघडत नव्हतं हे त्या क्षणी बरंच होतं, कारण उघडलं असतं तर आत हवा जाऊन खरंच भडका उडाला असता. फोनची बॅटरी संपलीय हे मात्र मला तीन तास कळलं नाही. ती माझी चूक, कबूल.

बाबा, आता तुमच्यासाठी. दोन तासांनी ओव्हन पार गार झाला, हात लावून बघितला, तरी दार घट्ट. पडद्यावर ‘एफ’ आणि पुढे एक अंक. माहितीपुस्तकात त्याचा अर्थ दिलेला: दाराच्या कुलपाचा बिघाड. सोसायटीचं ऑफिस रविवारी बंद, तक्रार ऑनलाइन टाकायची आणि वाट बघायची. मी तुमचं ऐकलं, पहिले मेन बंद. इथे घरात १२० व्होल्ट असले तरी चुलीला २४० लागतात, त्यामुळे तिचा ब्रेकर जोड दांडीचा असतो, दोन्ही एकदम पडतात. दहा मिनिटं बंद ठेवून चालू केला. घड्याळ बाराला लुकलुकायला लागलं, आतून मोटर घर्रर्र वाजली, आणि पुन्हा तोच एफ.

मग साफसफाईचं बटण दाबून अर्ध्या मिनिटात रद्द केलं, म्हणजे मोटरला आकडा एकदा पुढे-मागे फिरवावा लागतो. या खेपेला आकडा हलला, पण अर्ध्यावर अडकला. टॉर्च मारून वरच्या फटीतून बघितलं, तर त्याच्यावर जळलेल्या तुपाचा काळा डिंक! मी नकळत मागे हात केला, टेस्टर मागायला. सवय.

ब्रेकर परत पाडला. आई, तू दिलेलं ते पातळ उलथनं फटीत सरकवून आकडा हळूहळू डावीकडे ढकलला. दार ओढलं नाही, काच तडकली असती. चौथ्या खेपेला खट्ट. आत चार कोळसे, अगदी आकारासकट. फोटो काढलाय, दादाला पाठवते.

बुधवारी माणूस आला. त्याने तापमानाचा सेन्सर मीटरवर तपासला, १०८० ओहमच्या आसपास भरला, म्हणजे ठीक. खराब निघाला कुलूप बंद-उघडं कळवणारा स्विच. तुपाचा दोष निम्माच! खर्च घरमालकाकडे. तुमचं डोकं असतं तर रविवारीच सापडला असता.

जेवण वेळेवर होतं. थंडी फार नाही, आणि असली तरी कोट आहे. एकटी नसते. म्हणजे इतके दिवस नव्हते.

आई, तू विचारलंस की नेमका परवाच ओव्हन साफ करायचं काय नडलं होतं, आणि मी विषय बदलला. इथे भाड्याचं घर सोडताना ओव्हन आतून तपासतात, काळा दिसला तर अनामत रकमेतून पैसे कापतात. मी हे घर सोडतेय. एक तारखेला. माझ्याबरोबर राहणारीचं लग्न ठरलं, ती गेली, आणि पूर्ण भाडं मला एकटीला झेपत नाही. हो, माझ्याच वयाची आहे. त्यावर फोनवर बोलू नका, प्लीज.

आत्याने सुचवलेल्या मुलाशी मी दोनदा बोलले. चांगला आहे. तिसऱ्यांदा फोन माझ्याकडून व्हायचा होता, तो राहिला. हे आत्याला मीच सांगेन, प्रिंट पाठवण्याआधी एवढा भाग दादाने काढून टाकावा.

नवीन घर लहान आहे पण ऑफिसपासून जवळ. सामान हलवण्यात आणि नव्या अनामत रकमेत पैसे गेलेत, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे निम्मेच येतील. गच्चीच्या गळतीचं काम थांबवू नका, दादाला म्हणावं मी मार्चमध्ये भरून काढते. आणि माघातल्या मुंजीला येणं जमेलसं दिसत नाही. तिकिटं बघितली, दोनदा. बटूला सायकल मी घेणार असं कबूल केलंय, तिचे पैसे वेगळे पाठवलेत, ते गच्चीत घालू नका. भिक्षावळीच्या वेळी व्हिडिओ लावा. इथे कितीही वाजलेले असोत, मी जागी असेन. फोन चार्ज करून ठेवेन.

बाबांनी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं कधी ठरवलंय? ‘बघू’ हे उत्तर चालणार नाही.

तुमची,
मनी

ता. क. नव्या घरात ओव्हन आहे, पण साफसफाईचं बटण नाही, आधी तेच बघितलं. चूल गॅसची आहे. माळ्यावरचा आपला ॲल्युमिनियमचा तंदूर वजनाला किती भरतो, तेवढं बाबांना बघायला सांग. आत्याच्या शेजारच्यांपैकी कुणीतरी फेब्रुवारीत इकडे येणार आहे.