डॉक्टर मॅडम, तुम्ही फोडाबद्दल विचारलंत

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सात महिने माझं तोंड आलेलं होतं. कुणी म्हणे उष्णता झाली, कुणी म्हणे पोट साफ नाही. जाईचा पाला चघळला, तुरटीच्या गुळण्या केल्या, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या संपवल्या. वरणभातसुद्धा गार करून गिळायचे. मिश्री लावता का, तंबाखू खाता का, हे तर कितीजणांनी विचारलं! 'नाही' म्हटलं की समोरच्याचा विश्वास बसलेला नाही, हे चेहऱ्यावरच दिसायचं. तुम्हीही विचारलंत, पण माझं उत्तर खरं धरलंत आणि पुढे म्हणालात, "जखम होण्याआधी फोड येतो का?"

येत होता. पातळ, पाणी भरलेला, घास लागला की फुटणारा. मला कुणी विचारलंच नव्हतं.

मग तुम्ही हिरडीवरून अलगद बोट फिरवलंत आणि वरची साल सरकली. केस बाजूला करून डोकंही पाहिलंत. तिथल्या खपलीला मी कोंडा समजत होते.

आधी एकदा तोंडातल्या जखमेचा तुकडा काढून तपासून झाला होता, रिपोर्ट 'साधी जखम' असा. तो तुकडा जखमेच्या मधोमधचा होता. तिथे वरचा थर उरलेलाच नसतो, मग बिघाड दिसणार कशात, हे तुम्ही चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून समजावलंत. तुम्ही एक तुकडा कडेचा घेतलात. दुसरा शेजारच्या धड भागातला. तो नेहमीच्या फॉर्मलिन द्रावणात न टाकता इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे अँटिबॉडीज चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, वेगळ्या द्रावणात पाठवलात. निदान आलं: पेम्फिगस व्हल्गॅरिस. पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनावर माझ्याच शरीरातल्या अँटिबॉडीज उठल्या होत्या.

एक गोष्ट तेव्हा मी बोलले नव्हते. घरात मी माझं ताट-भांडं वेगळं केलं होतं, नातवाला घास भरवणं बंद केलं होतं. "हा कुणाला लागत नाही, सगळ्यांबरोबर जेवा," असं तुम्ही आपणहून सांगितलंत. त्या रात्री मी त्याला मांडीवर घेऊन जेवले.

स्टिरॉइड सुरू होऊन चार महिने झाले. दोन महिन्यांत नवा फोड नाही. रक्तातली साखर वेळच्या वेळी तपासते आहे. गोळ्या तुम्ही लिहून दिल्यात तशाच घेते, माझ्या मनाने एकही कमी केलेली नाही.

आपली कृतज्ञ,
एक पेशंट