मॅगव्हीलची चकाकी आणि बोटं

महोदय,
मोटरसायकलची मॅगव्हील, म्हणजे तारांऐवजी जाड आऱ्यांची अ‍ॅल्युमिनियमची ओतीव चाकं, आरशासारखी करायचं खूळ आमच्या सुदामानगरात जोरात आहे. बफिंग खात्यात, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू चमकवण्यात, आयुष्य गेलं, म्हणून लिहितो.

बहुतेक चाकांवर कंपनीचा रंग किंवा लॅकर (पारदर्शक लेप) असतो. तो उतरवल्याशिवाय पॉलिशचा मसाला कितीही घासा, अ‍ॅल्युमिनियमला स्पर्शही होत नाही. मग ४०० नंबरचा वॉटरपेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) भिजवून घासायचा, पुढे ६००, ८००, १०००, २०००; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. दर नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे मागचे ओरखडे उरलेत का ते कळतं. कागदाखालून काळं पाणी येतं, ते पुसत राहायचं. आऱ्यांच्या खाचांत मशीन जात नाही, तिथे बोटच. बफ सगळ्यात शेवटी. नंतर लॅकर मारला नाही तर इंदूरच्या पावसाळ्यात चाक पुन्हा मंद पडतंच.

माझा आक्षेप वेगळा आहे. पोरं गाडी मधल्या स्टँडवर लावून, गिअर टाकून, फिरत्या चाकाला कागद धरतात. चेन शेजारीच! काही गॅरेजांत लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच ग्राइंडरवर चालतं. अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते, तिला लोखंडाची ठिणगी पुरते. तोंडाला मास्क तर कुणाच्याच नसतो. गॅरेजवाल्यांनी निदान ग्राइंडर तरी वेगळे ठेवावेत.

– एक निवृत्त फिटर, इंदूर